गोधडी वाढवू, पण आधी मोजू



आज आपण पांघरुणाविषयी बोलू. घरात एक चांगली गोधडी आहे. तिचे टाके शाबूत आहेत. ऊबही चांगली देते. पण घरात मोठा पलंग आला आणि तीच गोधडी लहान पडू लागली. आता काय करायचं? टाकून द्यायची? उसवून नवी करायची? की आहे तीच वाढवायची?

हा प्रश्न एकट्या-दुकट्या घराचा नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची खेडी, इथल्या पुष्कळ घरांत तो आलेला आहे. मुलगा कारखान्यात लागतो. नाहीतर रोज लोकलने मुंबईला जातो. मग चाळीत किंवा इमारतीत खोली घेतो. खोलीत पलंग येतो. गावाकडून आई गोधडी पाठवते. ती पलंगावर अंथरून पाहिली, तर दोन्ही बाजूंनी गादी उघडी दिसते.

जमिनीवर निजताना असं होत नव्हतं. जमिनीवर गोधडीचा काठ अंगाखाली खोचता येतो. पलंगावर तसं जमत नाही. गादी जाड असते. गोधडीचा काठ गादीच्या वरच राहतो आणि बाजूने वारा शिरतो. नवरा-बायको दोन कडांना, मधे मूल. पहाटे ओढाओढ होते आणि कुणीतरी उघडं पडतं. बहुतेक वेळा मूलच उघडं पडतं. त्यात बदलापूर समुद्रापासून लांब आणि डोंगराच्या जवळ. थंडीच्या दिवसांत पहाटे इथे मुंबईपेक्षा गारवा जास्त असतो. तेव्हा हा नुसत्या शोभेचा प्रश्न नाही.

आमचं सांगणं थोडक्यात असं आहे. तयार गोधडी वाढवता येते. ती मोडावी लागत नाही. पण कात्री हातात घेण्याआधी टेप आणि पेन्सिल हातात घ्या. मोजा, लिहा, हिशेब करा आणि मगच कापा. हे काम दिसतं लहान, पण असतं मोठं. किती मोठं, ते आता आकड्यांनी पाहू.

त्याआधी एक गोष्ट. जुनी गोधडी का टाकू नये?

गोधडीत काय असतं ते तुम्हांला ठाऊकच आहे. आजीचं लुगडं असतं. आजोबांचं धोतर असतं. बाळंतपणातली मऊ साडी असते. हे कापड शंभर वेळा धुतलेलं असतं, म्हणून ते मऊ झालेलं असतं. असा मऊपणा दुकानात विकत मिळत नाही. आणि त्यावर हजारो टाके असतात. एकेका टाक्याला सुई खाली जाते आणि वर येते. एवढी मेहनत केवळ रुंदी कमी पडली म्हणून वाया घालवायची का? मुळीच नाही.

फाटक्या-जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून पांघरूण करण्याची रीत आपल्या एकट्यांची नाही. बंगालमध्ये जुन्या साड्यांची कांथा करतात. गोव्याच्या शेजारी, कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. आणि सिंध प्रांतात करतात ती रल्ली.

रल्लीचं नाव इथे मुद्दाम घेतलं. उल्हासनगर हे गाव कसं वसलं, हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधून निर्वासित आले. त्यांतल्या सुमारे एक लाख लोकांना या छावणीतल्या बराकींत जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचं उल्हासनगर असं नामकरण झालं. जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून हे नाव पडलं. आजही जुनी माणसं तिथल्या भागांना 'कॅम्प' म्हणतात, ते याच कारणाने.

सिंधी घरात रल्ली हा शब्द आपल्या घरातल्या गोधडीसारखाच ओळखीचा. रल्ली म्हणजे मिसळलेली, एकत्र केलेली. वरच्या बाजूला रंगीत तुकड्यांची मांडणी, आत जुनं कापड आणि सगळ्यांतून जाणारा साधा धावदोरा. म्हणजे आपली गोधडी आणि त्यांची रल्ली या दोघी मावसबहिणीच म्हणा ना!

पण दोघींच्या टाक्यांत बहुधा एक फरक असतो. वाढवण्याच्या कामात तो फरक फार उपयोगी पडतो. म्हणून नीट लक्ष द्या.

रल्लीचे टाके सरळ ओळींत जातात. एका काठापासून समोरच्या काठापर्यंत. शेतातल्या तासांसारखे. आपल्याकडे पुष्कळ बायका काठापासून सुरुवात करतात आणि फेरे घालत घालत मध्यापर्यंत जातात. चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन. सिद्दी बायकाही कवंदी अशीच काठाकडून मध्याकडे शिवतात.

म्हणून पहिलं काम हे. गोधडी उजेडात पसरा आणि तिचे टाके पाहा. ओळी सरळ आहेत का? मग नवीन भागातही ओळी तशाच पुढे न्यायच्या. फेरे आहेत का? मग बाहेरून आणखी फेरे घालायचे. जुन्याची चाल पाहून नव्याची चाल ठरवायची. म्हणजे नवा भाग परका वाटत नाही.

दुसरं काम, गोधडीची तब्येत पाहा. ती आधी धुऊन वाळवा. मग दोघींनी दोन टोकं धरून उन्हासमोर धरा. जिथून उजेड जास्त येतो, तिथे कापड विरलेलं आहे. तिथे आधी ठिगळ लावा. काठाला दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहा. कापड चर्रकन फाटलं, तर तो काठ जोड धरणार नाही. मग जोड आणखी आत घ्यावा लागेल. सगळीच गोधडी अशी विरली असेल, तर ती वाढवू नका. तिचं लहान दुपटं करा.

आता मोजमापाकडे येऊ.

आपल्याकडे वीत आणि हात यांनी मोजायची सवय आहे. घरच्या कामाला ती चालते. पण दुसऱ्याचं काम घेतलं, की तंटा होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "पाच हात सांगितली होती." शिवणारी म्हणते, "पाच हातच आहे की!" दोघीही खरं बोलतात. एकीचा हात लांब, दुसरीचा आखूड. इंच मात्र सगळ्यांचा सारखाच. म्हणून टेप वापरा.

टेपला दोन बाजू असतात. एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. १ इंच म्हणजे जवळजवळ अडीच सेंटीमीटर. एकदा या बाजूने मोजलं आणि एकदा त्या बाजूने मोजलं, तर सगळा घोटाळा होईल. आपण इंचांची बाजू धरू. १२ इंच म्हणजे १ फूट, हे ध्यानात ठेवा.

समजा, जुनी गोधडी ४८ इंच रुंद आणि ७२ इंच लांब आहे. म्हणजे ४ फूट आणि ६ फूट. वहीत लिहा.

नवा पलंग ६० इंच रुंद आणि ७५ इंच लांब आहे. तेही लिहा. पलंग मोजताना लाकूड मोजू नका. गादी मोजा.

आता लोंबणारा भाग. गादीच्या दोन्ही बाजूंना आणि पायथ्याला एकेक वीत, म्हणजे ९ इंच, गोधडी खाली आली पाहिजे. उशाकडे लोंबण्याची गरज नाही.

रुंदीचा हिशेब असा: ६० अधिक ९ अधिक ९. झाले ७८ इंच.

लांबीचा हिशेब असा: ७५ अधिक ९. झाले ८४ इंच.

आता वजाबाकी करा. रुंदीत ७८ वजा ४८, म्हणजे ३० इंच कमी आहेत. दोन बाजूंना वाटले, तर प्रत्येकी १५ इंच. लांबीत ८४ वजा ७२, म्हणजे १२ इंच कमी आहेत. डोक्याकडे ६ आणि पायाकडे ६. अशी चारी बाजूंनी वाढ दिली, की जुनी गोधडी बरोबर मधोमध राहते.

एवढ्यावर पुष्कळ जणी म्हणतात, "हात्तिच्या! किनारच तर लावायची आहे. दोन दिवसांत होईल." इथेच खरी मेख आहे.

जुन्या गोधडीचं क्षेत्रफळ काढू. ४ गुणिले ६, म्हणजे २४ चौरस फूट.

मोठ्या गोधडीचं काढू. ७८ इंच म्हणजे साडेसहा फूट. ८४ इंच म्हणजे ७ फूट. साडेसहा गुणिले सात, म्हणजे साडेपंचेचाळीस चौरस फूट.

साडेपंचेचाळीसातून चोवीस वजा करा. राहिले साडेएकवीस.

पाहिलंत? आपण जिला किनार म्हणत होतो, तीच साडेएकवीस चौरस फूट आहे. अख्खी जुनी गोधडी चोवीस. म्हणजे किनार लावणं हे जवळजवळ आणखी एक गोधडी शिवण्याएवढंच काम झालं. डोळ्याला ती पट्टी दिसते, पण ती चारी बाजूंनी फिरते. बाहेरच्या बाजूला वाढलेला एकेक इंच फार मोठा असतो. हे डोळ्याला कळत नाही. आकड्याला कळतं.

आता मजुरीचा विचार करा. समजा, शेजारची एखादी बाई म्हणाली, "काकू, एवढी किनार लावून द्या. काय घ्याल?" काकू भिडेखातर म्हणाल्या, "द्या काहीतरी." आणि मग पंधरा-वीस दिवस डोळे फोडून शिवत बसल्या. हाती आलं काय? नव्या गोधडीच्या मजुरीचा चौथा हिस्सासुद्धा नाही. यात शेजारणीने फसवलं असंही नाही. तिलाही काम कळलं नव्हतं आणि काकूंनाही कळलं नव्हतं. कुणीच मोजलं नव्हतं.

मोजलं असतं, तर काकू सांगू शकल्या असत्या, "बाई गं, तुझी जुनी गोधडी २४ चौरस फूट. ही वाढ साडेएकवीस. तेवढी गोधडी शिवायला मी १०० रुपये घेत असेन, तर या किनारीचे सुमारे ९० रुपये होतात. शिवाय मधल्या भागात खालचं अस्तर धरण्यासाठी टाके घालावे लागतात, ते निराळे." हे शंभर आणि नव्वद आम्ही केवळ समजायला घेतले आहेत. तुमच्या गावात जो दर असेल, तो धरा. पण हे प्रमाण विसरू नका. वहीतला आकडा दाखवला, की भीड आड येत नाही. आणि गिऱ्हाईकालाही पटतं.

आता कापड.

आपण जी रीत सांगणार आहोत, तिला तीन तऱ्हेचं कापड लागतं. एक, खालचं अस्तर. दोन, किनारीच्या आतलं भरण. तीन, किनारीच्या वरची पट्टी.

अस्तर पूर्ण मापाचं हवं. चारी बाजूंनी आत मुडपायला एकेक इंच धरा. म्हणजे ८० इंच रुंद आणि ८६ इंच लांब. एवढं कापड कुठून आणायचं? जुनी पाच वारी साडी घ्या. एका वारात ३६ इंच. पाच वारांत १८० इंच. त्यातून ८६ इंचांचे दोन तुकडे निघतात. ८६ दुणे १७२. म्हणजे साडी पुरून ८ इंच उरते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. दोन तुकडे बाजूबाजूला जोडले, की शिवण जाऊन ८९ इंच रुंदी मिळते. आपल्याला ८० हवी. कापड पुरलं. म्हणजे अस्तराला एक सुती साडी बस्स झाली. साडी मात्र सुतीच घ्या. गुळगुळीत नायलॉनची साडी गादीवरून घसरते आणि घामही टिपत नाही.

भरणाला घरातलं जुनं कापड चालतं. कमी पडलं, तर उल्हासनगर जवळ आहे. तिथे कपडे शिवण्याचे पुष्कळ धंदे आहेत. शिवणकामात कापडाचे तुकडे उरतातच. पण तुकडे घेताना तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट. जीनचं जाड कापड किनारीला घेऊ नका. ते टिकाऊ असतं, खरं. पण जड असतं. किनार जड झाली, की आपल्या वजनाने गोधडी खाली ओढते. जुनं मऊ कापड जोडापाशी फाटतं. शिवाय हाताने सुई घालताना बोटांचे हाल होतात.

दुसरी गोष्ट. नवं सुती कापड पाण्यात आटतं. म्हणून शिवण्याआधी ते भिजवा, वाळवा आणि मग मोजा. जुनी गोधडी आटायची तेवढी आटून गेलेली आहे. नवं न भिजवता जोडलंत, तर पहिल्या धुण्यात किनार आटेल आणि मधला भाग फुगून पोत्यासारखा दिसेल.

तिसरी गोष्ट. रंग जातो का, ते पाहा. तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून धरा. फडक्याला रंग लागला, तर तो तुकडा घेऊ नका. आजीच्या पांढऱ्या धोतरावर लाल डाग पडला, तर तो निघत नाही.

आता शिवण्याची रीत. एकेक पायरी सांगतो.

पहिली पायरी. अस्तर जमिनीवर ताणून पसरा. उलटी बाजू वर ठेवा. कोपऱ्यांवर वजन ठेवा, म्हणजे ते सरकणार नाही. त्यावर जुनी गोधडी मधोमध ठेवा. दोन्ही बाजूंना १६ इंच अस्तर दिसलं पाहिजे. डोक्याकडे आणि पायाकडे ७ इंच. यांतला एकेक इंच मुडपण्याचा आहे. सगळीकडे टेप लावून पाहा. नुसत्या नजरेवर जाऊ नका.

दुसरी पायरी. गोधडी आणि अस्तर यांना मोठ्या टाक्यांचा कच्चा दोरा घाला. मध्यापासून सुरुवात करून चारी दिशांना जा. हा दोरा शेवटी काढून टाकायचा आहे.

तिसरी पायरी. रिकाम्या जागेत भरण मांडा. भरणाचा काठ जुन्या गोधडीच्या काठाला भिडवा. त्यावर चढवू नका. चढवलंत, तर तिथे उंचवटा होईल आणि अंगाला टोचेल. बाहेरच्या बाजूला अस्तराचा एक इंच मोकळा ठेवा. भरण किती पदरी घालायचं? जुन्या गोधडीचा काठ दोन बोटांच्या चिमटीत धरा. मग नवं भरण आणि वरची पट्टी मिळून तशाच चिमटीत धरा. दोन्ही सारखी लागली पाहिजेत. जुनी चार पदरी असेल, तर तीन पदर भरण आणि एक पदर पट्टी, असं जमतं.

चौथी पायरी. वरच्या पट्ट्या कापा. डोक्याची आणि पायाची पट्टी ९ इंच रुंद, ४८ इंच लांब. अशा दोन. बाजूंच्या पट्ट्या १८ इंच रुंद, ८६ इंच लांब. अशा दोन. रुंदी जास्त का धरली? २ इंच जुन्या गोधडीवर चढायला आणि १ इंच बाहेर मुडपायला. ६ अधिक २ अधिक १, झाले ९. १५ अधिक २ अधिक १, झाले १८. एकच लांब तुकडा नसेल, तर लहान तुकडे जोडून पट्टी करा. पण सगळ्या तुकड्यांचा उभा धागा एका दिशेला ठेवा. तिरकं कापड ताणलं जातं आणि पट्टी वाकडी होते.

पाचवी पायरी. आधी डोक्याची आणि पायाची पट्टी लावा. आतला काठ अर्धा इंच मुडपून जुन्या गोधडीवर चढवा आणि बारीक टाक्यांनी शिवा. मग बाजूंच्या लांब पट्ट्या लावा. त्यांच्याखाली आडव्या पट्ट्यांची टोकं झाकली जातात. शेवटी बाहेरून अस्तर आणि पट्टी दोन्ही एकमेकांकडे आत मुडपून काठ बंद करा.

सहावी पायरी. ही सगळ्यांत महत्त्वाची. नुसता जोड शिवून थांबू नका. दाराला बिजागरी असते ना? दार तिथेच वाकतं. तशी गोधडी जोडावर वाकते. रोज घडी पडते आणि वर्षभरात जोड तुटतो. म्हणून काही टाके जोडाच्या आडवे गेले पाहिजेत. जुन्या भागात चार बोटं आत सुई घाला. तिथून जोड ओलांडून नव्या भागात बाहेरच्या काठापर्यंत धावदोरा न्या. दर वितीवर अशी एक ओळ घाला. मग मधल्या जागेत तुमच्या गोधडीच्या चालीप्रमाणे ओळी किंवा फेरे भरा. जुन्या दोन ओळींत जेवढं अंतर आहे, तेवढंच नव्यात ठेवा.

सातवी पायरी. मधल्या जुन्या भागातही दर वितीवर एक ओळ अस्तरासकट घाला. नाहीतर खालचं अस्तर झोळीसारखं लोंबेल. जुन्या टाक्यांच्या ओळीवरूनच सुई न्या. म्हणजे नवे टाके वेगळे दिसत नाहीत.

झाली गोधडी मोठी! आता कच्चा दोरा काढा आणि एकदा ऊन दाखवा.

आम्ही ही रीत सांगतो, तेव्हा काही प्रश्न नेहमी विचारले जातात. त्यांचीही उत्तरं देतो.

एक प्रश्न असा: "गोधडी मधोमध कापून आत पट्टा घातला, तर चालणार नाही का? मग दोनच जोड शिवावे लागतील."

चालणार नाही. गोधडीचा दोरा लांबच्या लांब गेलेला असतो. तो मधे कापला, की दोन्हीकडचे टाके सुटत जातात. आतलं विरलेलं कापड बाहेर येतं. आणि ज्या बाईने ती शिवली, तिचं काम आपण कापून टाकलं असं होतं. काठाला काय हवं ते जोडा. मध्याला कात्री लावू नका.

दुसरा प्रश्न: "मशीनवर शिवलं तर?"

पट्ट्यांचे तुकडे एकमेकांना जोडायला मशीन जरूर वापरा. वेळ वाचेल. पण जाड थर घरच्या साध्या मशीनखाली जात नाहीत. सुई मोडते. शिवाय मशीनची घट्ट टीप विरलेल्या कापडाला कापते. म्हणून जुन्या भागावरचं काम हातानेच करा.

तिसरा प्रश्न एका म्हाताऱ्या आजीने विचारला होता. ती म्हणाली, "लेकरांनो, एवढी मोठी गोधडी धुणार कोण?"

आजीचा प्रश्न खरा आहे. क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं, खाली अस्तर आलं. म्हणजे वजन दुपटीच्याही पुढे जाणार. पाण्याने भिजल्यावर तर ती एकटीला उचलवणार नाही. म्हणून वाढवण्याआधी हेही विचारून घ्या. घरात दोन धडधाकट माणसं आहेत का? वाळत घालायला जागा आहे का? इमारतीतल्या लहान खोलीत ओली गोधडी वाळता वाळत नाही, आणि ओलसर राहिली की तिला वास येतो. पावसाळ्याआधी धुऊन, कडक ऊन देऊन, बांधून ठेवायची असेल, तर मे महिन्यातच ते काम उरका.

आणि सोय नसेल, तर दुसरा मार्ग आहे. जुनी गोधडी आहे तशी एकाने घ्यावी आणि साडेएकवीस चौरस फुटांच्या त्याच कापडात दुसरी निराळी गोधडी करावी. कष्ट तेवढेच. एका पलंगावर दोन गोधड्या. ओढाओढ मिटते आणि धुणंही हलकं होतं. मोठी करणं हाच एक उपाय नव्हे. पण आईच्या हातची एकच गोधडी सगळ्या घराने मिळून पांघरावी, असं ज्यांच्या मनात असेल, त्यांनी ती खुशाल वाढवावी. दोन्ही मार्ग चांगले आहेत. कोणता घ्यायचा, ते घरात बसून ठरवा. सासूला विचारा, सुनेलाही विचारा. गोधडी एकीने शिवलेली असते आणि दुसरी तिला धूत असते. दोघींचाही त्यात हक्क आहे.

पुरुष मंडळींनाही एक सांगणं आहे. हे बायकांचं काम म्हणून उठून जाऊ नका. गादी मोजताना टेपचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. अस्तर ताणायला चार हात लागतात. रात्री पांघरूण तर तुम्हीही घेता!

आता वही काढा. घरी गेल्यावर पाच ओळी लिहायच्या आहेत.

जुन्या गोधडीची रुंदी आणि लांबी.

गादीची रुंदी आणि लांबी.

हवी असलेली रुंदी आणि लांबी.

वाढ किती चौरस फूट.

त्या वाढीला आपल्या गावच्या दराने मजुरी किती.

पहिल्या तीन ओळी टेपने येतील. चौथी गुणाकार आणि वजाबाकीने येईल. पाचवी ओळ लिहिताना मात्र संकोच करू नका. आपल्या कष्टाचा आकडा आपल्या हाताने लिहिता यावा, म्हणूनही आपण अक्षरं आणि अंक शिकलो आहोत. काम घरचं असेल आणि पैसे घ्यायचे नसतील, तरीसुद्धा तो आकडा लिहा आणि घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. आपण जे पांघरतो, त्याचं मोल किती आहे, हे घरातल्या सगळ्यांना कळू द्या.